पेशी : वाढणे आणि थांबणे

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. गडमुडशिंगीतील माझ्या दवाखान्यात संध्याकाळची गर्दी होती. बाकावर नववीतली एक मुलगी विज्ञानाचे पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. आईला तपासायचे होते, मुलगी सोबतीला आली होती. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. नंबर येईपर्यंत तिचे पाठांतर चालू होते, ‘पेशी म्हणजे सजीवाच्या रचनेचा आणि कार्याचा मूळ घटक.’ आत आल्यावर मी सहज विचारले, ‘म्हणजे काय गं?’

ती म्हणाली, ‘पाठ झालंय काका, पण कळलं न्हाई.’

एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी माझीही हीच अवस्था होती. म्हणून दोन पेशंट थांबवून मी तिला थोडेफार समजावून सांगितले. तिची आई शेजारी बसून सगळे ऐकत होती. ते ऐकून तिने जो प्रश्न विचारला, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. तो प्रश्न शेवटी सांगतो. आधी पेशीची ओळख करून घेऊ.

एक पेशी म्हणजे एक गाव

इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला मधाच्या पोळ्यासारखी छोटी छोटी घरे दिसली. त्या घरांना त्याने पेशी म्हटले. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १८३८-३९ मध्ये, श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सगळ्या वनस्पती आणि सगळे प्राणी पेशींचेच बनलेले आहेत असा सिद्धान्त मांडला. उसाचे पान, म्हशीचे कातडे, तुमचे-आमचे काळीज, सगळे पेशींचेच.

माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. रक्तातील तांबडी पेशी इतकी लहान की एका मिलिमीटरच्या रेषेवर अशा सव्वाशे पेशी ओळीने मावतील.

एवढ्याशा पेशीत असते तरी काय? पेशी म्हणजे एक गाव समजा. गावाला वेस असते, तसे पेशीला पटल असते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे तिथे ठरते. आत दाटसर द्रव असतो, त्याला पेशीद्रव्य म्हणतात. त्यात तंतुकणिका असतात. या गावच्या चुली. आपण खाल्लेली भाकरी साखर होऊन इथपर्यंत पोचते आणि श्वासातून आलेल्या प्राणवायूच्या मदतीने तिच्यापासून शक्ती तयार होते. लयकारिका नावाच्या पिशव्या टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावतात. गावाच्या मधोमध असते चावडी, म्हणजे केंद्रक. चावडीत गावचे दप्तर असते. माणसाच्या पेशीत अशी ४६ दप्तरे असतात, २३ आईकडून आलेली आणि २३ वडिलांकडून. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. कोणते काम कधी करायचे, कधी वाढायचे आणि कधी थांबायचे, हे सगळे त्यांत लिहिलेले असते. एका पेशीतील हा सगळा मजकूर धाग्यासारखा उलगडला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते!

दप्तर सगळीकडे सारखेच असले तरी प्रत्येक पेशी आपल्या कामापुरते पान उघडते. म्हणून स्नायूची पेशी आखडते, मज्जापेशी निरोप पोचवते आणि जठरातील पेशी पाचकरस तयार करते. तांबडी पेशी मात्र प्राणवायू वाहण्यासाठी आपले केंद्रकच टाकून देते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे.

एका कांडीचा ऊस

पेशी मरतात, झिजतात, तर नव्या येतात कोठून? १८५५ मध्ये फिरखो या जर्मन डॉक्टरांनी ठासून सांगितले की, पेशीपासूनच पेशी होते. आपण सगळे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या एकाच पेशीतून सुरुवात केलेली माणसे आहोत. त्या एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि नऊ महिन्यांत बाळ झाले.

आपल्या भागातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ८६०३२ ची कांडी लावली की डोळा फुटतो आणि ८६०३२ चाच ऊस येतो, दुसरा येत नाही. कारण त्या डोळ्यातील पेशी दुभंगताना आपल्या दप्तराची हुबेहूब नक्कल करतात आणि दोन्ही लेकींना एकेक प्रत देतात. याला सूत्री विभाजन म्हणतात. आपली जखम याच रीतीने भरून येते. आतड्याचे अस्तर तीन-चार दिवसांत नवे होते, तेही याच रीतीने.

नवी जात मात्र कांडीतून निघत नाही. त्यासाठी कोईमतूरला उसाच्या तुऱ्यांचा संकर करावा लागतो. फुलातील बीजपेशी तयार होताना दप्तरे निम्मी होतात आणि दोन निम्मे एकत्र आले की नवा मेळ जमतो. हे अर्धसूत्री विभाजन. माणसातही बीजांडात २३ आणि शुक्राणूत २३ गुणसूत्रे असतात. म्हणूनच मुलाचे नाक आईसारखे आणि कपाळ बापासारखे असू शकते.

थांबणेही तितकेच महत्त्वाचे

ऊस तोडताना कोयता लागला तर जखमेच्या दोन्ही काठांवरील पेशी भराभर दुभंगू लागतात. आठ-दहा दिवसांत काठ जुळतात. मग त्या पेशी काय करतात? थांबतात. शेजारीण टेकली की पेशीला निरोप मिळतो, ‘आता पुरे.’ माझ्या दृष्टीने पेशीविज्ञानातील ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वाढणे सर्वांनाच येते. शहाणपण थांबण्यात आहे.

सातबारा उतरवून घेताना कधी एखादे अक्षर चुकते. दप्तराची नक्कल होतानाही चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. दुरुस्त न होणारी चूक असेल तर ती पेशी स्वतःला संपवूनही टाकते. पण थांबण्याचा हुकूम ज्या पानावर लिहिलेला असतो, तेच पान बिघडले तर? ती पेशी दुभंगतच राहते, तिच्या लेकी दुभंगत राहतात, शेजारणीला टेकल्या तरी थांबत नाहीत. यालाच आपण कर्करोग म्हणतो. कर्करोग बाहेरून आलेला किडा नाही. आपल्याच पेशी थांबणे विसरलेल्या असतात.

हे विसरणे किती पक्के असते याचे एक उदाहरण सांगतो. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयाच्या तोंडावरील कर्करोगाच्या पेशी काढण्यात आल्या. त्याबद्दल तिला विचारलेही नव्हते. डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढू लागल्या. ती बाई त्याच वर्षी वारली, पण त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत दुभंगत आहेत. याच डॉ. गे यांच्याकडे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे शिकायला गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काचपात्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

माझी एक चूक

आता मला जे लिहायचे आहे ते थोडे अवघड आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी पंचेचाळिशीच्या एक बाई माझ्याकडे येत असत. शेतात मजुरीला जाणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. ‘डाक्टर, अंगावरनं पांढरं जातंय, कंबर लई धरतीया,’ एवढेच सांगायच्या. मी गोळ्या दिल्या. दोन-तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, मी पुन्हा गोळ्या दिल्या. असे दीड वर्ष चालले. आतून तपासणी करायला हवी होती. पण दवाखान्यात नर्स नव्हती, बाहेर गर्दी असे, त्या लाजत आणि खरे सांगायचे तर मीही संकोचत होतो. संबंधानंतर रक्त जाते हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. शेवटी त्यांना कोल्हापूरला पाठवले तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग ओटीपोटात पसरला होता. त्या पुढे वर्षभर जगल्या. त्यांचा मुलगा आजही आपल्या पोरांना घेऊन माझ्याकडेच येतो.

ही चूक मला अधिक लागते, कारण हा कर्करोग वेळ देणारा आहे. बहुतेक सर्व वेळा तो एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्वसामान्य आहे की त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. जिच्या शरीरात तो ठाण मांडतो, तिच्या पेशींचा ब्रेक तो निकामी करतो. तरीही साधी पेशी बिघडण्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत साधारण दहा-पंधरा वर्षे जातात. या काळात काहीही दुखत नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली बिघाड दिसतो. निरोगी पेशी पसरट आणि तिचे केंद्रक लहान. बिघडलेल्या पेशीचे केंद्रक मोठे, काळपट, वेडेवाकडे. चावडीच गावाएवढी होऊ लागते! डॉ. पापानिकोलाऊ यांनी १९४३ मध्ये ही तपासणी जगापुढे मांडली. तीच पॅप टेस्ट.

बार्शीने दाखवलेली वाट

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. देशातील ती अशी पहिलीच नोंदणी. नोंदीसाठी कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले, बायकांशी या आजाराची लक्षणे बोलू लागले आणि हळूहळू रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागले. नुसत्या बोलण्याने हे घडले.

पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ज्या गटात एच.पी.व्ही.ची तपासणी फक्त एकदा केली गेली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले. मी गोळ्या देत होतो त्याच वर्षांत महाराष्ट्राच्याच दुसऱ्या कोपऱ्यात हे काम चालू होते.

काय करावे?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित स्त्रीने काहीही त्रास नसला तरी दर तीन ते पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. पॅप टेस्ट, एच.पी.व्ही. तपासणी किंवा सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केलेली साधी पाहणी, यांपैकी जी मिळेल ती. कापावे लागत नाही, टाका पडत नाही, पाच-दहा मिनिटांचे काम असते. सरकारी आरोग्य केंद्रात किंवा सी.पी.आर. रुग्णालयात चौकशी करावी.

संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर तीन वर्षे थांबू नये, त्याच आठवड्यात जावे. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते, त्याने घाबरू नये. पण न तपासता वारंवार गोळ्याही घेऊ नयेत.

पेशी बिघडलेल्या सापडल्या तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा काढून टाकता येतो. त्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही. कोणी लगेच तसा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

९ ते १४ वयाच्या मुलींसाठी या विषाणूची लस आहे. पुण्यात तयार झालेली भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध झाली. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते.

आता त्या मुलीच्या आईचा प्रश्न. सगळे ऐकून झाल्यावर तिने मुलीला बाहेर बसायला सांगितले आणि खालच्या आवाजात विचारले, ‘डाक्टर, तुम्ही त्या थांबायचं इसरल्याल्या पेशी म्हणालासा, त्या माझ्यात हाईत का न्हाईत हे कसं कळंल?’ त्या चाळीस वर्षांच्या. लग्नाला बावीस वर्षे झालेली. आजवर एकदाही तपासणी नाही. मी या वेळी गोळ्या लिहिल्या नाहीत. चिठ्ठी लिहिली आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना माझ्यासमोरच फोन लावला. दोन दिवसांनी त्या जाऊन आल्या.

मुलीला चाचणीत दहापैकी नऊ गुण मिळाले, ते सांगायला ती पळत आली होती. आईचा रिपोर्ट या आठवड्यात यायचा आहे.

पुरुष वाचकांना एक विनंती. घरात तिशी ओलांडलेली पत्नी, बहीण, भावजय असेल तर हे पान त्यांच्या हाती द्यावे आणि तपासणीला जाताना सोबत जावे. बायका स्वतःहून शेवटच्या क्रमांकाला उभ्या राहतात, हे मी रोज दवाखान्यात पाहतो.