कर्करोगानंतरची सूज : कोणाला व केव्हां

बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस मुकादमाच्या भाषेंत एक 'कोयता' म्हणतात. अशा जोडींतील स्त्रीस स्तनाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रियेनें ती बरी झाली, तर पुढच्या मोसमांत तिनें फडावर जावें कीं नाहीं? उचल घेतलेली असते. खाडा पडला तर पैसे कापले जातात. म्हणून या प्रश्नाचें उत्तर जाणून देणें अवश्य आहे.

शरीराच्या पेशींभोंवतीं झिरपलेलें पाणी परत रक्तांत नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचें एक जाळें असतें. त्या पाण्यास लसीका म्हणतात. हाताची बहुतेक लसीका काखेंतील गांठींमधून जाते. कर्करोग याच वाटेनें पसरतो, म्हणून वैद्य त्या गांठी काढतात किंवा त्यांवर किरण सोडतात. पाटाचें तोंड अर्धें बुजलें तरी पाणी त्याच दिवशीं बांधावरून वाहूं लागत नाहीं. तसेंच येथें होतें. उरलेल्या वाहिन्या कांहीं काळ भार सोसतात. पुढें जखम, जंतुसंसर्ग किंवा वाढलेलें वजन निमित्त होतें आणि हात सुजतो. या विकारास लिम्फेडेमा म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचारानंतर हीच सूज पायांस येते. बार्शी येथें १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंद ठेवली जाते; तेथील आरंभींच्या नोंदींत स्त्रियांमध्यें याच रोगाचें प्रमाण सर्वाधिक होतें, म्हणून पायांच्या सुजेकडेही लक्ष हवें.

धोका सर्वांना सारखा नसतो. काखेंतील गांठी मोठ्या संख्येनें काढल्या, तर १०० पैकीं सुमारें २० स्त्रियांना सूज येते. केवळ पहिल्या एकदोन गांठी तपासणीसाठीं काढल्या, तर सुमारें ६ जणींना. काखेवर किरणोपचार झाला असेल किंवा शरीर स्थूल असेल, तर धोका वाढतो. काळाविषयीं पाहूं गेल्यास, २० वर्षें मागोवा घेतलेला एक अमेरिकन अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सूज आलेल्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश स्त्रियांना ती पहिल्या ३ वर्षांत आली; उरलेल्यांना पुढील वर्षांत एकेक करून येत राहिली. म्हणजे जखम भरून घरचीं माणसें निश्चिंत होतात, तोच काळ अधिक जपण्याचा असतो.

पूर्वीं अशा स्त्रियांना त्या हातानें कांहींच उचलूं नये असें सांगत. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें हें मत बदलले. सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकीं ज्यांनीं देखरेखीखालीं, हळूहळू वाढवीत वजनें उचललीं, त्यांची सूज वाढली नाहीं. उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र टप्प्याटप्प्यानें वाढविलेलें वजन निराळें आणि पहिल्याच दिवशीं उचललेली मोळी निराळी. फडावर जावयाचें तर वैद्यांना विचारून, आधीं कांहीं महिने व्यायामानें हात तयार करून जावें. उसाच्या धारदार पानानें चिरलेली जागा लगेच साबणानें धुवावी. हात लाल व गरम होऊन ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां दवाखाना गांठावा.

सुजेची पहिली खूण डोळ्यांना दिसत नाहीं. हात जड वाटतो, बांगडी चढत नाहीं, चोळीची बाही एका बाजूस घट्ट होते. यासाठीं मोजण्याच्या फितीनें दोन्हीं हातांचा घेर ठराविक जागीं दर महिन्यास मोजावा. शक्य तर पहिलें माप शस्त्रक्रियेपूर्वींच घ्यावें. फरक २ सेंटिमीटरांवर गेला, तर वैद्यांस दाखवावें. सूज हत्तीरोगाची, रक्ताच्या गुठळीची किंवा उलटलेल्या कर्करोगाचीही असूं शकते. हा निवाडा घरीं होत नाहीं. आरंभींच घट्ट बाही, व्यायाम, विशिष्ट मालिश व त्वचेची निगा यांनीं लिम्फेडेमा आटोक्यांत राहतो. जुना झाल्यावर त्वचा जाड होते व उपाय अवघड होतो.

मोसमास निघतांना कोयत्याबरोबर मोजण्याची फीत, साबण आणि रुग्णालयाचे कागद गांठोड्यांत असावेत. शहरांत घरकाम करणाऱ्या किंवा घरांतल्याच एखाद्या स्त्रीस हा रोग होऊन गेला असेल, तर तिलाही हें माप तितकेंच उपयोगी आहे.