मनगटाला पाय नसतात

रात्री झोपण्याआधी मनगटावरचं घड्याळ सांगतं: ८,४३७. ‘साडेआठ हजारांच्या आसपास’ असं मोघम बोलणं त्याला माहीत नाही, शेवटचा सातसुद्धा ते छातीठोकपणे सांगतं. आणि दिवसभरात त्याने आपले पाय एकदाही पाहिलेले नसतात.

या घड्याळात पावलं मोजणारं असं काही नसतंच. असतो तो ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे हालचालीतले हिसके टिपणारी सिलिकॉनची चिप. तिच्या पोटात सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला एक तुकडा असतो. हात झटकला की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्या बदलाचा विजेचा संकेत तयार होतो. १९९०च्या दशकात ॲनालॉग डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने मोटारींच्या एअरबॅगसाठी अशा चिपा बाजारात आणल्या. त्या काळातल्या एका चिपेत या तुकड्याचं वजन होतं ०.१ मायक्रोग्रॅम. असे एक कोटी तुकडे जमवले तर एक ग्रॅम भरेल. तो ०.०२ नॅनोमीटर सरकला तरी चिपेला कळायचं, आणि ०.०२ नॅनोमीटर म्हणजे अणूच्या व्यासाचा साधारण दहावा भाग. मोटार आदळली हे ओळखण्यासाठी जन्मलेलं हे तंत्र आता आपण खुर्चीतून उठलो की नाही, यावर पाळत ठेवतं.

समजा, आपल्या घड्याळातली चिप सेकंदाला ५० वेळा नोंद घेते. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली अशा तीन दिशा, म्हणजे सेकंदाला १५० आकडे. चोवीस तासांचे झाले १ कोटी २९ लाख ६० हजार. या ढिगातून शेवटी एकच आकडा आपल्यासमोर येतो, ८,४३७. एका पावलामागे पंधराशेहून अधिक नोंदी खर्ची पडलेल्या असतात. एवढ्या बारीक यंत्राची चूक होते ती मोजण्यात नाही, ओळखण्यात.

कारण मनगटावर दोन ठेके एकाच वेळी चालू असतात. रमतगमत नाही आणि घाईतही नाही, अशा चालीत सेकंदाला दोनच्या आतबाहेर पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाचा बारीक धक्का हातापर्यंत पोचतो. हात मात्र दोन पावलांत एकदाच पुढे जाऊन मागे येतो. घड्याळातल्या गणिताने यातला नेमका कुठला ठेका धरायचा? चुकीचा धरला तर पावलं निम्मी होतात, नाहीतर दुप्पट. त्यात आणखी एक अडचण. एखाददुसऱ्या हिसक्याला पाऊल मानलं, तर टाळी वाजवणं, दात घासणं, कपडे झटकणं हे सगळं चालण्यात जमा होईल. म्हणून बरीचशी उपकरणं सारख्या अंतराने सलग काही हिसके येईपर्यंत थांबतात आणि मगच मोजायला लागतात.

आता स्वयंपाकघरात या. ओट्यापासून फ्रिजपर्यंत तीन पावलं, हातात दुधाचं पातेलं. सांडू नये म्हणून मनगट मुद्दाम स्थिर. तिथून वळून दोन पावलांवर सिंक. मग पोळ्या लाटायला उभं राहिलं की पाय जागचे हलत नाहीत, आणि मनगट मात्र एका लयीत पुढे-मागे. चाललेली पावलं गळायची शक्यता आणि न चाललेली जमा व्हायची शक्यता, दोन्ही एकाच ओट्यापाशी. बाबागाडी किंवा मॉलमधली ट्रॉली ढकलणाऱ्याचे, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असणाऱ्याचे आणि वॉकर धरून चालणाऱ्या आजोबांचेही हाल तेच. पाय चालतात, पण हात साक्ष देत नाही. वयस्कर माणसांच्या संथ चालीत तर मुळात धक्काच इतका सौम्य असतो की घड्याळाला तो चालणं वाटत नाही. ज्यांना डॉक्टरांनी ‘जरा चाला’ म्हणून बजावलेलं असतं, नेमक्या त्यांच्याच पावलांना कात्री लागते, याचा मला राग येतो.

२०१५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. १४ निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर ५०० आणि १,५०० पावलं चालवलं आणि खरी पावलं माणसाने मोजली. खिशातल्या फोनमधली ॲप ६.७ टक्के कमीपासून ६.२ टक्के जास्तपर्यंत चुकली. मनगटाला लावायच्या उपकरणांत सगळ्यात कमी चूक दीड टक्क्याची होती, तर एका मनगटी पट्ट्याने तब्बल २२.७ टक्के पावलं खाल्ली. ८,००० पावलं चालणाऱ्याला तो पट्टा ६,१८४ दाखवणार. तेव्हापासून ही यंत्रं सुधारली आहेत, हे खरं. पण सपाट ट्रेडमिल, निरोगी माणूस आणि मोकळे हात ही सोपी परीक्षा झाली. अवघड पेपर ओट्यापाशी असतो.

पावलं मोजण्याचं खरं कसब बघायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता, आणि तिथे परक्यांना मज्जाव. मग कुमाऊंमधल्या मिलम गावच्या नैनसिंह रावतांना डेहराडूनला तयार करण्यात आलं. चढ असो की उतार, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे, मैलाला २,००० पावलं. हातात यात्रेकरूची जपमाळ, पण १०८ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी पुढे. माळ पुरी झाली की १०,००० पावलं, म्हणजे पाच मैल. १८६५-६६मध्ये काठमांडूहून ल्हासा आणि तिथून मानसरोवर असे सुमारे १,२०० मैल ते असे चालले. पावलं भरली जवळपास २५ लाख, आणि सगळी डोक्यात आणि बोटांवर मोजलेली.

१८६५नंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, १९६५ साली, जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचा पावलंमापक बाजारात आणला. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. टोकियो ऑलिंपिक नुकतंच होऊन गेलं होतं, व्यायामाची हवा होती आणि आकडा सुटसुटीत होता. पुढे जपानच्या औद्योगिक मानकाने अशा यंत्रांना शंभर पावलांमागे तीन पावलांची चूक माफ केली. नैनसिंहांच्या २५ लाखांना तीच सूट दिली असती, तर हिशेब ७५,००० पावलांनी, म्हणजे साडेसदतीस मैलांनी हुकला असता.

दहा हजारांचा दबदबा पुढे संशोधकांनीच कमी केला. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली १६,७४१ वयस्कर स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांचं सरासरी वय ७२. मृत्यूचा धोका पावलांबरोबर कमी होत गेला आणि दिवसाला साधारण ७,५०० पावलांपाशी तो उतार थांबला. ही बातमी वाचून पुष्कळांनी घड्याळातलं लक्ष्य बदललं. पण त्या बायकांचं उपकरण कमरेला होतं. कमरेवरचे ७,५०० आणि मनगटावरचे ७,५०० हे एकच ७,५०० कशावरून?

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली ‘नेचर’मध्ये याहून अवाढव्य हिशेब छापला. १११ देशांतली ७,१७,५२७ माणसं आणि ६ कोटी ८० लाख दिवस. जगाची सरासरी दिवसाला ४,९६१ पावलं. भारताची ४,२९७, त्यात पुरुष ४,६०६ आणि स्त्रिया ३,६८४. भारतीय बायका कमी चालतात, अशी बातमी आपल्याकडे त्यावरून झाली. मोजणी झाली होती आयफोनवर, म्हणजे आपल्या देशातल्या ज्यांच्याकडे तो होता त्यांचीच. शिवाय पुरुषाचा फोन पँटच्या खिशात असतो. साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसला असलाच तर नशीब. बाईचा फोन पर्समध्ये, नाहीतर चार्जिंगला लावलेला. या ९२२ पावलांच्या फरकात न चालणं किती आणि खिसा नसणं किती, हे ६ कोटी ८० लाख दिवसांच्या ढिगातूनही वेगळं काढता येत नाही. घड्याळ निदान अंगावर तरी राहतं. फक्त तो हात रिकामा असायला हवा.