अस्सल जीटीओ ओळखायची कशी?

पाँटिअ‍ॅकने 1964 साली मध्यम आकाराच्या लेमान्समध्ये 389 घनइंची, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली. पाँटिअ‍ॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या नियमानुसार एवढ्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन चालत नसे. म्हणून पाँटिअ‍ॅकच्या जॉन डीलोरियन आणि मंडळींनी ते ‘ऑप्शन’ म्हणून दामटलं. आजच्या गिऱ्हाइकाची पंचाईत तिथूनच सुरू होते. 1964-65च्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, जीटीओचा मागमूसच नाही. साध्या लेमान्सला बिल्ले, बॉनेटवरचे स्कूप आणि मोठं इंजिन लावलं की झाली जीटीओ! अशी गाडी चालवायला मजा येते, यात वाद नाही. पण तिला अस्सलचा भाव का द्यावा? पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ नोंदीची नक्कल मागवल्याशिवाय बयाणा देऊ नये. 1966 ते 71च्या जीटीओचा क्रमांक मात्र 242ने सुरू होतो.

शेवरोले शेवेलचं उलटं. 1966 ते 68च्या शेवेल एसएस 396 या मॉडेलचा क्रमांक 138ने सुरू होतो. 1969 पासून एसएस ऑप्शन झाली, आणि क्रमांक काही सांगेनासा झाला.

कागद जुळले तरी खिशात लोहचुंबक असू द्या. मागच्या चाकांभोवती तो नीट चिकटला नाही, तर रंगाखाली पुट्टीचा थर आहे. डिकीतला गालिचा उचलून खाली गंज आहे का पाहा. व्हिनाइलचं छत असेल तर मागच्या काचेच्या खालच्या कडेला बोट दाबून पाहा; पाणी मुरून पत्रा आधी तिथेच कुजतो.