‘पॉलिश करणे’ या क्रियेचे दोन अर्थ आणि मालमोटारीचे नवे चाक

‘पॉलिश करणे’ हा प्रयोग मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या पोटातील अर्थविरोध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बुटाला पॉलिश केले म्हणजे त्यावर काहीतरी चढविले. लाकडी कपाटाला पॉलिश केले म्हणजेही लाखेचे किंवा अन्य रोगणाचे पूट दिले. उलटपक्षी फरशीला पॉलिश केले म्हणजे तिचा पृष्ठभाग झिजविला, आणि तांदळाला पॉलिश केले म्हणजे त्याचा कोंडा काढून टाकला. भर घालणे आणि काढून टाकणे या परस्परविरुद्ध क्रिया एकाच शब्दाने सांगितल्या जातात, आणि नेहमीच्या व्यवहारात संदर्भच अर्थनिश्चय करतो. वस्तू नवी असली, तिची जात वापरणाऱ्यास ठाऊक नसली, की मात्र हा संदर्भ तुटतो. मालमोटारीला बसविलेले नव्या, विशेष झळाळीचे चाक हे याचे बोलके उदाहरण होय. अशा चाकाला ‘पॉलिश करा’ असे सांगितले असता ते एका प्रकारच्या चाकाचे संरक्षण ठरते आणि दुसऱ्या प्रकारच्या चाकाचा नाश.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस आणि आसपासचा मुलूख काळ्या मातीचा आहे. बेसाल्ट खडकापासून बनलेली ही माती ओली झाली की फुगते, चाकाला चिकटते, आणि वाळली की कवचासारखी घट्ट बसते. तिच्यातील चिकणमातीचे कण सूक्ष्म व मऊ असले, तरी चुनखडीचे खडे आणि वाटेवरची कच त्यांच्यात मिसळलेली असते. असा वाळलेला थर कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे चाकावर काचकागद फिरविणेच होय. येथे मराठीतील क्रियापदांचा बारकावा उपयोगी पडतो. भिजविणे, धुणे, विसळणे, पुसणे, घासणे, उजळणे ही क्रियापदे पर्यायी नाहीत. त्यांना क्रम आहे. आधी भिजवावे, माती फुगू द्यावी, मग धार सोडून ती वाहून जाऊ द्यावी. हात लावण्याची पाळी त्यानंतरची. चाक तापलेले असेल तर तेही करू नये. गरम धातूवर साबणाचे पाणी क्षणात वाळते आणि डाग धरते.

आता चाकाच्या जातीकडे वळता येईल. ज्या घरात पितळ, तांबे व कल्हईची भांडी वापरात होती, तेथे पृष्ठभागाचे वर्गीकरण शिकवावे लागत नव्हते. तांब्याचा घंगाळ चिंचेने लख्ख होई, कारण तेथे घासण्यास खुद्द धातूच होता. पातेल्याच्या आतील कल्हई मात्र कोणी चिंच व राख घेऊन खरवडीत नसे, कारण ती निराळ्या धातूची पातळ त्वचा आहे हे सर्वांस ठाऊक होते. कल्हई हा शब्द कथिलाच्या अरबी नावावरून आला. मुलामा अरबी, रोगण फारसी. १९४८ पर्यंत निजामी अमलात राहिलेल्या मराठवाड्यात हे शब्द परके वाटण्याचे कारण नव्हते. आजच्या चाकांची विभागणी करण्यास हेच शब्द पुरेसे आहेत, ही गोष्ट नव्या परिभाषेची टांकसाळ चालविणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

क्रोमचे चाक हे मुलाम्याचे चाक. त्यावरील क्रोमियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याखाली निकेल आणि सर्वांत खाली पोलाद किंवा अॅल्युमिनियम असते. या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. पाणी, मीठ आणि आम्ल त्यांतून आत शिरतात, आणि पुढे क्रोम फुगून त्याचे पोपडे निघतात. गॅरेजमध्ये सहज मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण तर क्रोमही विरघळविते. म्हणून येथे सौम्य साबण, मऊ कापड आणि वरून मेणाचा पातळ हात एवढेच करावे. या चाकावरील ‘पॉलिश’ चढविण्याचे असावे, झिजविण्याचे नव्हे.

उजळलेल्या अॅल्युमिनियमचे चाक याच्या अगदी उलट आहे. त्यावर कोणतेही रोगण नसते. हवेच्या संपर्काने आपोआप येणारी ऑक्साइडची अतिसूक्ष्म साय हेच त्याचे आवरण. ही साय आम्लालाही भिते आणि क्षारालाही. अॅल्युमिनियमचे पातेले धुण्याच्या सोड्याने काळवंडते हा अनुभव घरोघरीचा आहे. राखेतही क्षारच असतो. तेव्हा कडक साबणचुरा, सोडा आणि राख ही तिन्ही या चाकाला वर्ज्य. मात्र निस्तेज झाल्यास धातूच्या पॉलिशने ते पुन्हा उजळता येते, कारण येथे घासण्यास धातू आहे. त्यानंतर संरक्षक लेप द्यावाच, नाहीतर पुढच्या पावसात श्रम वाया जातात.

बहुतेक मिश्रधातूंची चाके या दोहोंहून निराळी. त्यांवर पारदर्शक रोगण असते आणि दिसणारी चमक त्या रोगणाची असते. धातूचे पॉलिश येथे रोगण खाते; रोगणाला चीर गेली की तिच्याखाली पांढुरक्या रेषा पसरू लागतात. चाक उघड्या धातूचे की रोगणाचे हे डोळ्यांना कळत नसेल, तर मागच्या न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्यावर किंचित पॉलिश घेऊन घासून पाहावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. मंद, बिनचकाकीच्या रंगाचे चाक असेल तर तेथे कोणतेही उजळणे नको. घासलेल्या जागी चमकते ठिपके पडतात आणि ते परत मंद होत नाहीत.

अॅनोडायझिंगला मात्र जुना शब्द लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये १९२३ साली ही क्रिया व्यवहारात आली. तीत बाहेरून काही चढविले जात नाही. विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियमची स्वतःचीच साय सहज हजारपटींनी जाड केली जाते. हा मुलामा नव्हे आणि रोगणही नव्हे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा अॅल्युमिनियम प्रयोगशाळेतून जेमतेम बाहेर डोकावत होते. त्यात याला शब्द सापडेल ही अपेक्षाच चुकीची. व्यवहारापुरते इतके पुरे की ही साय जाड असली तरी क्षाराला बळी पडते, आणि गेली की घरी परत येत नाही.

नव्या चाकाच्या बाबतीत आणखी एक प्रसंग विचारात घ्यावा लागतो, तो पूजेचा. नव्या वाहनाच्या चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडतात, नारळ फोडतात, चाकाला हळदकुंकू लावतात. लिंबाचा रस आम्ल आहे. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्यासारख्या क्षाराची जोड देऊन केलेले असते. दोन्ही पदार्थ उघड्या अॅल्युमिनियमवर रात्रभर राहिले की खूण ठेवतात, आणि मंद रंगावर हळदीचा डाग निघणे कठीण. पूजा टाळण्याचे कारण नाही. त्याच दिवशी चाके साध्या पाण्याने धुऊन पुसावीत. विहिरीचे जड पाणी वापरले असल्यास पुसणे विशेष अगत्याचे, कारण थेंब वाळल्यावर त्यातील चुना पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे उरतो.

संरक्षक लेप देण्यास उत्तम वेळ म्हणजे चाक रस्त्यावर येण्यापूर्वीची. तेव्हा त्यावर ब्रेकच्या लोखंडी कणांचा थर बसलेला नसतो. स्थानिक कारागिराकडून नुकतेच रंगवून घेतलेले चाक याला अपवाद आहे. तो रंग पुरता वाळून कठीण होईपर्यंत थांबावे लागते. कार्नोबा मेण सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि घाटात ब्रेकचा ड्रम याहून पुष्कळ तापतो, म्हणून ओझे वाहणाऱ्या गाडीला अधिक उष्णता सोसणारा कृत्रिम लेप सरस. चाके डिझेलने पुसण्याची सवय मात्र सोडलेली बरी. क्षणभर ती चमकतात खरी, परंतु मागे राहिलेल्या तेलकट थरावर काळ्या मातीची धूळ आणखी बसते आणि डिझेलने टायरचे रबरही बिघडते.

लेप चाकाच्या दर्शनी भागालाच द्यावा. चाक जेथे हबवर टेकते तो भाग आणि नटांच्या बैठका स्वच्छ व कोरड्या असाव्या लागतात. तेथे मेणाचा किंवा रंगाचा जाड थर राहिला तर ओझ्याखाली तो दबतो, नटांची पकड सैल होते, आणि भरल्या गाडीचे चाक निखळण्याचा धोका उद्भवतो. चाके नव्याने बसविल्यावर पहिल्या ८० ते १५० किलोमीटरांनंतर नट ठरलेल्या मापाने पुन्हा आवळून घेतात, ते याच कारणासाठी.