टेंडरची बातमी वेळेवर कशी कळावी?

आमचे गगनबावडा हे पावसाचे आणि धुक्याचे गाव. इतिहासात मात्र त्याची ओळख पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण अशी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर प्रकरण आहे, आरमारावर आहे आणि सावकारांवरही आहे. लढणाऱ्याच्या मागे पुरवणारा उभा असावा लागतो, हे त्या काळीही जाणते लोक ओळखून होते.

आज सैन्याला लागणारा माल कोणी द्यायचा, हे बहुतेक वेळा टेंडरने, म्हणजे निविदेने ठरते. आमच्या डोंगरातली पोरे खाली शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये कामाला जातात. तिथल्या छोट्या कारखानदाराला चांगली ऑर्डर मिळाली, तर त्याचा पगार आमच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचतो. म्हणून माझ्यासारखा बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूसही या विषयात डोके घालतो.

माझा भाचा शिरोलीत दोन-तीन मशीन चालवतो. एकदा म्हणाला, "मामू, आपल्याजोगं टेंडर निघालं होतं. कळलं तेव्हा चार दिवस उरले होते. ड्रॉइंग कधी बघायचं, पॅटर्नचा खर्च कधी काढायचा आणि भाव कधी भरायचा?"

केंद्र सरकारच्या २०१७च्या वित्तीय नियमांनुसार जाहीर निविदेला साधारणपणे किमान तीन आठवड्यांची मुदत द्यावी लागते. म्हणजे एकवीसपैकी सतरा दिवस हातचे गेले होते. बातमी लपलेली नव्हती. ती कुठे पाहायची, हे माहीत नव्हते.

पूर्वी यासाठी कोलकात्याहून निघणारे 'इंडियन ट्रेड जर्नल' हे साप्ताहिक होते. ते १९०६ साली सुरू झाले. २००५च्या नियमांत पंचवीस लाखांच्या वरच्या खरेदीची जाहिरात त्यात देणे बंधनकारक होते. आता सारा कारभार संगणकावर आला आहे. पाहण्याची मुख्य ठिकाणे तीन. पहिले, केंद्राचे सार्वजनिक खरेदी पोर्टल. दुसरे, संरक्षण खात्याचे स्वतंत्र ई-प्रोक्युरमेंट पोर्टल. तिसरे, २०१६ साली सुरू झालेले 'जेम', म्हणजे सरकारची ऑनलाइन बाजारपेठ. याशिवाय संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्यांची आपापली संकेतस्थळे असतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यांतली म्युनिशन्स इंडिया पुण्यात आहे आणि धातूच्या भागांचे काम करणारी यंत्र इंडिया नागपुरात. आपल्या भागातल्या ओतकाम करणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत. निविदा नुसती पाहायला पैसे पडत नाहीत.

आता शब्दांची गोष्ट. ती माझ्या धंद्यातली आहे. लष्करी यादीत वस्तूचे मूळ नाव बहुधा आधी येते आणि विशेषण मागून. आपण 'पंप हाउसिंग' शोधतो आणि तिथे 'हाउसिंग, पंप' लिहिलेले असते. म्हणून एकेकटा शब्द टाकून शोधावे. आपल्या मालाला ग्राहक किती नावांनी ओळखतात, त्याची यादी मशीनशेजारी लावावी. रोज सकाळी पंधरा मिनिटे एकाच माणसाने ती यादी चालवावी. सगळ्यांनी पाहायचे ठरले, की कोणीच पाहत नाही.

मात्र प्रत्येक खरेदीची जाहीर निविदा निघत नाही. मर्यादित निविदा ओळखीच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या पुरवठादारांनाच पाठवतात. नोंदणी नसेल, तर ती बातमी आपल्या दारावरून निघून जाते. तेव्हा ज्या निर्माणीला आपला माल लागतो, तिथे पुरवठादार म्हणून आधीच नाव घालावे. उद्यम नोंदणी तर हवीच. २०१२च्या खरेदी धोरणाने सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी वाटा राखला. २०१८च्या दुरुस्तीने तो पंचवीस टक्के झाला. त्यात तीन टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. पात्र उत्पादकांना निविदेची कागदपत्रे मोफत मिळतात आणि अनामत रकमेतूनही सूट आहे. डिजिटल स्वाक्षरी आधीच काढून ठेवावी. तिचीही मुदत संपते, आणि ती ऐन शेवटच्या दिवशी संपलेली सापडते.

निविदा सापडली, की काम संपले असे समजू नये. मध्येच शुद्धिपत्रक निघते; तारीख बदलते, मापही बदलते. निविदापूर्व बैठक असेल, तर शंका तिथेच विचाराव्यात. आणि भाव शेवटच्या तासाला भरू नये. घाटात पाऊस लागला, की आमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही जातात. पलीकडचा संगणक आपल्यासाठी थांबत नाही.

आणखी एक वाट आहे. निविदा कोणाला मिळाली, हेही पोर्टलवर जाहीर होते. मोठ्या कंपनीला काम मिळाले, तर तिला छोटे भाग करून देणारे लागतातच. तिच्याकडे त्याच आठवड्यात जावे. परदेशातून येणाऱ्या कोणत्या वस्तू इथे बनवून हव्या आहेत, त्याची यादी २०२०पासून 'सृजन' या पोर्टलवर मिळते. ती वाचली, तर निविदा निघण्याआधीच नमुन्याची तयारी सुरू करता येते.

मोठ्या कंपन्या या कामासाठी स्वतंत्र माणसे ठेवतात. छोट्या कारखानदाराला ते परवडत नाही. त्याच्या घरी कॉलेजात जाणारी मुलगी नाहीतर मुलगा मात्र असतो. त्यांच्या हाती ही शब्दांची यादी द्या. भाच्याच्या शॉपमध्ये आता हे काम त्याची धाकटी लेक करते.