पॉलिहाऊस उपसतं तेव्हा

वळवाचे दिवस जवळ आले की पॉलिहाऊसवाले शेतकरी हमखास विचारतात, 'पाईप किती जाडीचा घेऊ?' माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न खांबाखालच्या मातीचा.

पाईपची गोष्ट सांगायचा मोह मात्र आवरत नाही. पोकळ नळी एवढी ताकद कुठून आणते, हे गॅलिलिओने 1638 साली लायडनला छापलेल्या ग्रंथात मांडलं. तेव्हा तो चर्चच्या शिक्षेमुळे स्वतःच्या घरात स्थानबद्ध होता. त्याने दाखला दिला धान्याच्या काडीचा. अख्ख्या काडीपेक्षा जड ओंबी ती तोलून धरते. तेवढ्याच मालाची भरीव काडी असती, तर केव्हाच वाकली असती. दुर्बिणीच्या गॅलिलिओमागे हा काडीचा गॅलिलिओ झाकला गेला, याची मला खंत वाटते. 60 मिलिमीटर व्यासाचा, 2 मिलिमीटर जाडीचा पाईप वितळवून तेवढ्याच लांबीची भरीव सळई ओतली, तर ती जेमतेम साडेएकवीस मिलिमीटरची होते. लोखंड तेवढंच, पण पाईप वाकवायला पाचपट जोर लागतो!

आता वारा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने मावळातल्या फुलशेतीच्या पॉलिहाऊसची दैना केली. किनाऱ्यावर त्याचा वेग ताशी 120 किलोमीटरपर्यंत होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी 60 ला चौरस मीटरमागे 17 किलो, 120 ला 68. आणि कमानी छपरावरून जाताना वारा बहुतेक भागाला वर ओढतो. वाऱ्याच्या बाजूचा पडदा उघडा राहिला, तर आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. 200 मायक्रॉनचा पेपर चौरस मीटरला दोनशे ग्रॅमही भरत नाही. त्याच्या वजनाने काय थांबणार?

त्या 68 पैकी निम्माच जोर उपसण्याला लागला असं धरू. खांब 8 बाय 4 मीटरवर असतील, तर एकेका खांबाला जवळजवळ 1,100 किलोची ओढ बसते. 40 सेंटिमीटर रुंद आणि 75 सेंटिमीटर खोल गोल खड्ड्यातलं काँक्रीट सव्वादोनशे किलोचं. उरलेला भार बहुतांशी भोवतालच्या मातीच्या पकडीवर.

मुरमात ही पकड चांगली बसते. काळी माती मात्र उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते, काँक्रीटपासून सुटते. वळीव येतो तो नेमका त्याच दिवसांत! म्हणून काळ्या रानात खड्डा भेगांच्या पट्ट्याखाली न्यावा आणि तळाशी रुंद करावा. मग उपसताना वरची माती सगळी सोबत उचलावी लागते. पाईपच्या बुडाशी आडव्या सळया वेल्ड केल्या, तर पाईप काँक्रीटमधून सुटून येत नाही. उभ्या असलेल्या पॉलिहाऊसमध्ये चैत्रातच प्रत्येक खांबाभोवती बघून घ्यावं. भेगेत बोट जात असेल, तर ओलसर मुरूम भरून धुमसाने ठोकून घ्यावा.