चला, अंबरनाथपर्यंत जाऊन येऊ!



तुमच्या शेजारीपाजारी कुणी ना कुणी युरोपची सहल करून आलेले असेल. आठ दिवसांत पाच देश, एका शहराला एक दिवस, असा तो धावता कार्यक्रम असतो. परत आल्यावर चहाबरोबर फोटो दाखवले जातात आणि त्यांत एक फोटो हटकून असतो. इटलीतल्या पिसा शहराचा कलता मनोरा, आणि तो आपणच हातांनी सावरून धरला आहे अशा आविर्भावात उभे असलेले काका!

आता काकांना हळूच विचारा, "काका, मनोरा पडत का नाही?" काका म्हणतील, "इंजिनिअर लोकांनी केलं असेल काही तरी." त्यांचे अर्धे उत्तर बरोबर आहे. ११७३ साली बांधायला घेतलेला हा सुमारे ५६ मीटर उंचीचा मनोरा १९९० मध्ये लोकांसाठी बंद केला होता. ज्या बाजूला तो वर उचलला गेला होता, तिकडची माती पायाखालून थोडी थोडी काढून त्याचा कल साडेपाच अंशांवरून सुमारे चार अंशांवर आणला आणि २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. पण त्याआधीची आठशे वर्षे तो उभा होता, ते का? या उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी पिसाला जायची गरज नाही. ठाण्याहून अंबरनाथचे लोकलचे परतीचे तिकीट पुरते.

तेव्हा चौघेपाच मित्रमैत्रिणी जमवा. बरोबर डबा आणि पाणी असू द्याच, पण आणखी चार वस्तू घ्या: सेकंदकाटा असलेले घड्याळ, दोन हात सुतळी, तिला बांधायला एखादा जड नट आणि तिथी छापलेले भिंतीवरचे कॅलेंडर. कॅलेंडर कशाला, ते गाडी सुटली की कळेल.

ठाणे स्थानकाबद्दल तुम्ही शाळेत वाचलेच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथे पोचली. तिला तीन इंजिने होती. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावे. एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण एक गोष्ट रोज या मार्गाने जाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. ती पहिली गाडी पूर्ण प्रवासात एकदाही मुख्य भूमीवर आली नव्हती! मुंबई हे बेट, आणि ज्याच्या पूर्व काठावर ठाणे वसले आहे ते साष्टी हेही बेटच. मुख्य भूमी सुरू होते ती ठाण्याची खाडी ओलांडल्यावर, कळव्याला. खाडीवर पूल झाला आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला गेली, तेव्हा कुठे रेल्वेने बेट सोडले. ठाणे सुटल्यावर मिनिटाभरात तुमची गाडी त्याच खाडीवरून जाईल. तेवढ्या वेळात काय पाहायचे? पाणी किती आहे ते पाहा, आणि घड्याळात वेळ पाहून वहीत टिपून ठेवा. कधी खाडी काठोकाठ भरलेली असते, तर कधी नुसता काळा चिखल उघडा पडलेला दिसतो.

कॅलेंडर आता बाहेर काढा. कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला एक हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणने गुणावा, येईल त्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेपर्यंत मोजून झाले की वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून सुरुवात करायची. हा पाऊण आला कोठून? चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. भरती त्याच्यामागोमाग चालते, म्हणून तीही तेवढीच मागे पडते. एका चांद्र महिन्यात ३० तिथी असतात आणि तेवढ्यात हा उशीर साचत साचत पूर्ण २४ तासांचा होतो. २४ भागिले ३० म्हणजे ०.८ तास. तोंडी हिशेबाला ०.८ अडचणीचे आणि पाऊण सोपे, म्हणून कोळी बांधवांनी पाऊण धरले असावे, असा माझा तर्क आहे. पंचांगावरून होडी सोडणाऱ्याला अर्धापाऊण तासाची चूक चालते. शिवाय ठाणे पडले खाडीच्या आतल्या टोकाला. समुद्रावरची भरती इथवर पोचायला आणखी वेळ लागतो. तो किती, हे तुमच्या नोंदींवरून तुम्हालाच काढता येईल.

सहलीसाठी एकादशीचा दिवस निवडलात तर मोठी गंमत आहे. अकराला पाऊणने गुणले की सव्वाआठ. सकाळी नऊच्या सुमारास पुलावरून जाताना खाडी भरलेली दिसेल. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, म्हणजे दुपारी तीन-साडेतीनला परत याल तेव्हा तिथेच चिखल दिसेल. डोळ्यांदेखत एवढे पाणी कुणी नेले? चंद्राने!

पुढे धीमी गाडी पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्याकडे वळते. हा वळसा वाचवण्यासाठी १९१६ मध्ये डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा तयार झाला. आता खिडकीतून रुळांच्या कडेच्या खांबांकडे पाहा. (खिडकीतून. दारात लोंबकळून नव्हे!) प्रत्येक खांबावर एकाखाली एक असे दोन आकडे असतात. वरचा किलोमीटरचा आणि खालचा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. वरचा आकडा बदलला की घड्याळ पाहा, पुन्हा बदलला की पुन्हा पाहा. ३६०० ला मधल्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळाला. ४५ सेकंद लागले असतील तर वेग ताशी ८० किलोमीटर.

खांब पाहिलेत, तशी वरची तारही पाहा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी सुटली, तेव्हापासून या तारेत १५०० व्होल्टची एकदिश वीज असे. २०१६ पर्यंत मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर सगळीकडे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. नव्वद वर्षांची पद्धत बदलली. मी त्या सुमारास वर्गात विचारले, तेव्हा रोज लोकलने येणाऱ्या साठ मुलांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. एका मुलीने मात्र नेमका प्रश्न विचारला, "सर, एवढा व्होल्टेज वाढवून गाडी जास्त जोरात पळते का?"

नाही, पळत नाही. मग हा खटाटोप कशासाठी? समजा, स्थानकातून निघताना गाडीला ३० लाख वॉट शक्ती लागते. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. १५०० व्होल्टने हे भागवायचे तर तारेतून २००० अँपिअर धारा वाहायला हवी. २५,००० व्होल्टला १२० अँपिअर पुरतात. आता तारेला रोध असतोच, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा सुमारे सतरापट कमी झाली, म्हणजे त्याच तारेतली नासाडी पावणेतीनशेपट कमी झाली! जुन्या पद्धतीत तारा जाड लागत आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागे ते यामुळेच. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. २५,००० व्होल्टची वीज स्पर्शाची वाट पाहत नाही, जवळ गेलेल्या माणसावर ती हवेतूनच ठिणगी होऊन येते. गाडीच्या टपावर चढणारे तारेला हात लावायला गेलेले नसतात, तरी जळतात.

डोंबिवलीची गर्दी मागे टाकली की ठाकुर्ली येते. इथे रेल्वेचे स्वतःचे वीजघर होते, चोळे पॉवर हाऊस. कोळसा जाळून, पाण्याची वाफ करून ते लोकलना वीज पुरवी. गेल्या शतकातच ते बंद झाले आणि आजच्या प्रवाशांना ठाकुर्ली म्हणजे केवळ डोंबिवली-कल्याणच्या मधले स्थानक वाटते. वीजघर नेमके इथे का, हे ओळखायला जवळून वाहणारी उल्हास नदी पुरे. नुसती वाफ करून भागत नाही, तिचे पुन्हा पाणीही करावे लागते आणि त्यासाठी थंड पाणी मुबलक लागते.

कल्याणला गाडी बदलायची आहे. ज्या गावाच्या बंदराचा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे, जे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतले, आणि जिथे १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या, त्याला अर्धा तास म्हणजे अन्यायच. पण कल्याणला वेगळा दिवस द्या. आपण कर्जतकडे जाणारी गाडी पकडून अंबरनाथला उतरू आणि पूर्वेला दोनेक किलोमीटर चालत शिवमंदिर गाठू.

काळ्या दगडाचे, बाहेरून तसूभरही जागा कोरीवकामावाचून न सोडलेले हे मंदिर शिलाहार राजांच्या वेळचे आहे. त्यातल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आहे. पिसाच्या मनोऱ्याचा पहिला दगड बसवला गेला तेव्हा हे मंदिर शंभराहून अधिक वर्षांचे झाले होते! दगड आपला नेहमीचाच, बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने दख्खन झाकली, त्याचाच थिजलेला भाग. एक घनमीटर बेसॉल्ट साधारण २९०० किलो भरतो. मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद-उंच असा दगड दिसला तर तो सातशे किलोंच्या वर आहे असे समजा.

मंडपात उभे राहून वर पाहा. खांबांवर तुळया आणि तुळयांवर वर्तुळामागून वर्तुळ आत सरकत जाणारे छत. तुळयांची लांबी बेताची का ठेवली? दगड दाब भरपूर सोसतो, पण ताण त्याला सोसत नाही. तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. तुळई लांब केली तर ती खालून तडकते. म्हणून खांब जवळजवळ. रोमन लोकांनी यावर कमान काढली, तिच्यात दगडावर नुसता दाबच येतो. आपल्या इथल्या स्थपतींनी वेगळी वाट धरली. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडासा पुढे काढायचा. मग पुढे आलेला दगड पडत का नाही? पिसाचा मनोरा पडत नाही त्याच कारणाने. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा आधाराच्या आत पडते तोवर वस्तू पडत नाही. इथे तर दगडाच्या मागच्या टोकावर बांधकामाचे वजनही बसवलेले असते, आणि वर्तुळातले दगड एकमेकांना अडवून धरतात.

हे घरी करून पाहा. २४ सेंटीमीटर लांबीची, एकसारख्या जाडीची पाच पुस्तके घ्या. सर्वांत वरचे त्याच्या खालच्यापेक्षा साडेअकरा सेंटीमीटर पुढे काढा, ते दुसरे तिसऱ्यापेक्षा साडेपाच, तिसरे चौथ्यापेक्षा साडेतीन, चौथे पाचव्यापेक्षा अडीच, आणि पाचवे टेबलाच्या कडेपेक्षा १.९. आता बेरीज करा. २४.९! म्हणजे सर्वांत वरचे पुस्तक संपूर्णपणे टेबलाच्या बाहेर अधांतरी आहे आणि तरीही पडत नाही. आईला बोलावून दाखवा. हे आकडे कुठून आले हे शोधणाऱ्याला १/२, १/४, १/६, १/८ अशी एक सुंदर मालिका सापडेल.

मंदिराशेजारून वालधुनी नदी वाहते. तिच्याकडे पाहून, तिचा वास घेऊन, तुम्हाला वाईट वाटेल. साडेनऊशे वर्षे टिकलेल्या दगडाला लागून, आपण काही दशकांत एका नदीचा नाला केला. तिचेही वहीत वर्णन लिहा. पाण्याचा रंग, फेस, काठावर काय आहे, सगळे. पुढच्या वर्षी पुन्हा जाल तेव्हा ताडून पाहता येईल.

गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही. सुमारे वीस पायऱ्या उतरून खाली जावे लागते. आणि त्याच्यावरचे शिखर अर्ध्यावरच थांबलेले असल्यामुळे गाभारा वरून आभाळाला उघडा आहे. रोमला पँथिऑन नावाची जवळजवळ एकोणीसशे वर्षांची घुमटाची इमारत आहे. तिच्या माथ्यावरही असाच एक गोल झरोका आहे आणि प्रवासी त्यातून येणारा उन्हाचा कवडसा पाहायला मान वर करून उभे राहतात. पण तो कवडसा भिंतीवर नाहीतर तिरका जमिनीवर पडतो, बरोबर झरोक्याखाली कधीच नाही. कारण सूर्य अगदी माथ्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये. रोम आहे ४२ अंश उत्तरेला. अंबरनाथ आहे १९.२ अंशांवर. तिथे सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. एकदा १६ मेच्या आसपास आणि एकदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत ढग असणार, म्हणून मेची सुट्टीच बरी. गाभाऱ्यात पूजाअर्चा चालते, तिथे गर्दी करू नका. अंगणात सुतळीला नट बांधून ओळंबा धरा. वेळ मात्र बाराची नव्हे. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ दाखवतात आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, त्यामुळे आपला खरा मध्यान्ह मेच्या मध्याला साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी होतो. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी नटाची सावली सुतळीच्या खालच्या टोकापासून किती दूर आहे ते मोजत जा. ती नटाच्या नेमकी खाली गडप झाली, ती वेळ लिहून घ्या आणि मग डबे उघडा.